पक्का टाका

दुपारचा डबा संपवून तपासनीसबाईंनी हात धुवायला नळ सोडला आणि खिडकीबाहेर अंधारून आलेलं पाहून त्या तिथेच थबकल्या. पाऊस काही त्यांना नवा नव्हता. नगरपालिकेत पावसाच्या पाण्याचा निचरा बघायची नोकरी करायची आणि पावसाला भ्यायचं, म्हणजे धोब्याने पाण्याला भिण्यासारखं. पण त्या दिवशी बघता बघता समोरच्या इमारतीची गच्ची दिसेनाशी झाली, सायकल-शेडच्या पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला, आणि बाईंना एकदम पिशव्या आठवल्या. नळ तसाच वाहत राहिला.

पिशव्यांचं प्रकरण असं. बाईंची मावशी राहायची त्या गल्लीच्या वरच्या अंगाला, उतारावर, एका बिल्डरची मोठी इमारत उभी राहत होती. टेकाड कापलं की माती मोकळी होते, पाऊस आला की ती गल्लीत उतरते, गल्लीतून गटारात, गटारातून ओढ्यात. म्हणून नगरपालिकेचा नियम आहे की बांधकाम चालू असेपर्यंत खालच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गटाराच्या जाळीखाली जाड कापडाची पिशवी टांगायची. पाणी गाळून खाली जातं, माती पिशवीत राहते. नियम करणाऱ्याला डोकंही होतं, हे कधी कधी घडतं. जोराचा पाऊस आला आणि पिशवी चिखलाने भरली, तर पाण्याने जायचं कुठे? त्यासाठी पिशवीला वरच्या कडेशी दोन रुंद तोंडं ठेवलेली असतात. खाली चिखल बसला तरी पाणी त्या तोंडांतून निसटतं. थोडी माती ओढ्यात जाते, पण गल्ली वाचते.

बाईंना हे सगळं पाठ होतं. त्या नियमाला इतक्या पक्क्या, की बांधकामावरची माणसं पाठीमागे त्यांना 'गाळणीबाई' म्हणत. बाईंच्या ते कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. पण गाळणीबाईंच्या वर मोठे साहेब होते, आणि मोठ्या साहेबांना एक खोड होती. ते जाळ्या बघत नसत, पिशव्या बघत नसत. थेट ओढ्याशी जायचे, गटाराचा नळ जिथे ओढ्याला मिळतो तिथे एक पांढरी वाटी धरायचे आणि वाटीतलं पाणी गढूळ निघालं की तपासनिसाची चारचौघांत बिनपाण्याने करायचे. गेल्या खेपेला बाईंच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस त्या वाटीपायी पार दूरच्या कचेरीत जाऊन पडला होता.

साहेब येणार असा निरोप आला तेव्हा बाईंनी बांधकामावरच्या मुकादमाला बोलावून सांगितलं की साहेब येऊन जाईपर्यंत पिशव्यांची तोंडं शिवून टाकू, दोन दिवसांचा तर प्रश्न. मुकादमाने मान डोलावली. तपासनीसच नियम वाकवायला निघाली असेल तर त्याच्या बापाचं काय जात होतं? पिशव्या शिवायला कुणाकडे द्यायच्या, हेही ठरलेलंच होतं. गल्लीच्या तळाशी, चार पायऱ्या उतरून जायच्या खोलीत मावशी राहायची. ताडपत्रीची झाकणं, दप्तरं, मोटारींची कव्हरं, असलं जाडंभरडं शिवण करून तिने आयुष्य काढलं होतं. बाईंची आई परगावी नोकरीला असायची, त्यामुळे बाईंचं सगळं लहानपण त्याच खोलीत, मशीनच्या खडखडाटात गेलेलं.

पिशव्या मांडीवर घेऊन मावशीने विचारलं होतं, "कच्चा टाका घालू का? दोन दिवसांनी उसवायचंच आहे ना?"

"पक्काच घाल," बाई म्हणाल्या होत्या. "एक जरी सुटला तर माझी लाज जाईल."

मग काय, मावशीने ताडपत्रीचा दोरा दुहेरी घेऊन असा टाका घातला की बैल जुंपून ओढला तरी उसवू नये. पिशव्या परत जाळ्यांखाली गेल्या. साहेबांचा दौरा पुढे गेला, एकदा पडशामुळे, एकदा बैठकीमुळे, मग नुसताच. दर वेळी बाई ठरवायच्या की आज तोंडं उसवून घेऊ, आणि दर वेळी वाटायचं, उद्याच आले तर पुन्हा शिवावी लागतील. ऊनही छान पडत होतं. आळस आणि भीती यांची अशी गट्टी जमली की माणसाला आपण काही चुकतोय असं वाटतच नाही.

आता बाई मावशीला फोन लावत होत्या आणि तो नुसता वाजत होता. मावशीला ऐकू कमी. दुपारी पडताना ती कानातलं मशीन काढून दोऱ्याच्या डब्यात ठेवायची आणि डाराडूर झोपायची. बाईंच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली. आत कापडं बेतायचं मोठं टेबल असल्यामुळे दार बाहेरच्या बाजूला, पायऱ्यांकडे उघडणारं. पायऱ्यांच्या खड्ड्यात पाणी साचलं तर ते दार एका म्हातारीला ढकलता येणार नव्हतं. खिडकी होती, रस्त्यापासून गुडघाभर उंचीवर, आणि तिला चोरांच्या भीतीने जाड गज बसवलेले.

त्यांनी मुकादमाला फोन केला आणि पहार घेऊन गल्लीच्या तळाशी यायला सांगितलं. तो म्हणाला, एवढ्या पावसात कशाला बाई, ओसरेल की थोड्या वेळात.

"ओसरणार नाही," बाई म्हणाल्या. "तोंडं अजून शिवलेली आहेत."

पलीकडे पहार उचलल्याचा खणखणाट झाला. मग मुकादम म्हणाला, "निघालो."

बाईंची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी येऊन बंद पडली. ती भिंतीला टेकवायचंही भान त्यांना राहिलं नाही. त्या पाण्यात उतरल्या आणि पाणी घोट्यांना लागलं, पुढे पोटऱ्यांना. रंग दुधाळ चहाचा, वर पाचोळा आणि कुणाची तरी चप्पल तरंगत होती. पण त्यांची नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. इतकी वर्षं त्या पावसात रस्ते बघत आल्या होत्या. तुडुंब भरलेल्या रस्त्यावरही जाळीच्या जागी पाणी गोल फिरतं, छोटा भोवरा दिसतो, आणि तो दिसला की समजायचं, खाली वाट आहे. इथे अख्ख्या गल्लीत एकही भोवरा नव्हता. वरून लोंढा येत होता आणि तळाशी पाणी नुसतं उभं राहून चढत होतं. मावशीचा टाका कुठेही सुटला नव्हता.

खिडकीशी पोचल्या तेव्हा मावशी आत टेबलावर उभी होती. दोन्ही हातांनी तिने गज धरले होते. खोलीत पाणी टेबलाच्या फळीपर्यंत आलेलं, उशी आणि कापडाचे तुकडे त्यात फिरत होते. बाहेरचं पाणी खिडकीच्या चौकटीला जेमतेम वीतभर कमी होतं. एकदा ते चौकट ओलांडून आत पडायला लागलं, की खोली हौदासारखी भरणार होती.

"दार उघडत नाही गं," मावशी म्हणाली. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. तिचा त्या दिवशी अगदी बारीक निघाला. "मघापासून ढकलतेय."

बाई काहीतरी बोलल्या. मावशीने मान हलवली, ऐकू येत नव्हतं. कानातलं मशीन ज्या डब्यात होतं तो डबा भिंतीवरच्या फळीवर, खोलीच्या पलीकडच्या टोकाला. मग बाईंनी नुसता तिच्या हातावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की हाच हात कपाळावर यायचा. आता तो गज सोडायला तयार नव्हता. बाईंना रडू फुटलं, पण रडायला वेळ नव्हता.

बाई पायऱ्यांच्या खड्ड्यात उतरून दाराची कडी ओढायला गेल्या तर पाणी छातीवर आलं, आणि दार भिंतीत चिणल्यासारखं हललं नाही. तेवढ्यात मुकादम पहार घेऊन पाणी कापत आला. जाळी कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं. बाईंना ती डोळे मिटून सापडली असती. त्या जाळीवर वाकून त्यांनी किती तपासण्या केल्या होत्या. दिव्याच्या खांबापासून दोन पावलं, फुटपाथला लागून. पायाने चाचपडत त्यांनी तिची कड शोधली, मुकादमाने पहारेचं टोक घातलं आणि दात-ओठ खाऊन जाळी उलथली. खाली पिशवी होती, चिखलाने भरून दगड झालेली. मुकादमाने पहार खुपसली. ती चिखलात रुतली, बाहेर आली, पुन्हा रुतली. पाणी हललं नाही.

"वर काढता येईल?" बाईंनी विचारलं.

"दहा माणसांना हलायची नाही. टाकेच कापायला हवेत," मुकादम म्हणाला. "पण बाई, तोंड उघडलं की पाणी खेचणार. हात आत राहिला तर मला धरता येईल का, सांगता येत नाही."

बाईंना इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. वाटलं, अग्निशमनवाल्यांना बोलवावं. ते येतीलही; पण चौकटीकडे पाहिलं तर वितीची चार बोटं झाली होती. त्या खिडकीशी गेल्या आणि मावशीला दोन बोटांनी कात्री करून दाखवली. मावशी बघत राहिली. मग तिला समजलं. तिने खिडकीशेजारच्या खिळ्यावरची मोठी कात्री काढली आणि नेहमीच्या सवयीने, मूठ बाईंकडे आणि टोक स्वतःकडे करून, गजांतून पुढे केली.

मुकादमाने एका हाताने खांबाला मिठी मारली आणि दुसऱ्याने बाईंच्या रेनकोटचा पट्टा मुठीत आवळला. बाई गुडघ्यांवर बसल्या, श्वास घेतला आणि खांद्यापर्यंत हात खाली घातला. तोंड पाण्यात गेलं. बोटांना पिशवीची कड लागली, तिच्याखाली शिवण लागली, एकसारखी, घट्ट, टाक्याला टाका लागून. आंधळ्यानेही ओळखावी अशी मावशीच्या हातची शिवण. कात्री दोऱ्यावरून घसरत होती. एक टाका तुटला. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा खाली. दुसरा, तिसरा. मग कापडाने एकदम जीव सोडला आणि कुणीतरी खालून मनगट धरून ओढावं तसा बाईंचा हात आत गेला. कात्री सुटली. खांदा जाळीच्या चौकटीवर आपटला, नाकातोंडात चिखल गेला आणि बाईंना वाटलं, संपलं. पट्टा काचला. मुकादम वरून शिव्या घालत होता, पाण्याला, पावसाला, बहुधा बाईंनाही, आणि ओढत होता. हात निघाला तेव्हा कोपरापर्यंत सोललेला होता.

त्यांच्यासमोर पाणी गोल फिरायला लागलं. आधी चुकतमाकत, मग खोल, घरघर आवाज करत. बाई फुटपाथवर बसून खिडकीच्या चौकटीकडे बघत राहिल्या. पाणी तिथेच होतं. तिथेच होतं. मग चौकटीखाली चिखलाची एक ओली रेघ दिसली.

रस्त्यावरचं पाणी फुटपाथच्या खाली गेलं, तेव्हा कुठे पायऱ्यांच्या तळाशी असलेल्या बारीक मोरीला दम मिळाला. पाऊसही मंदावला होता. खड्डा कंबरेइतका उतरल्यावर मुकादमाने दारात पहार घातली, बाईंनी कडी ओढली, आणि दार उघडलं तसं आतलं पाणी त्यांच्या अंगावर आलं. पाठोपाठ मावशी आली, भिंत धरून, काखेत दोऱ्याचा डबा घेऊन.

तिला त्यांनी समोरच्या घराच्या ओट्यावर बसवलं. मुकादमाने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला. तिने डबा उघडून मशीन पुसलं, कानात घातलं, आणि मग सगळ्या गल्लीचा आवाज ऐकून दचकली. बाई तिच्या पायाशी बसल्या होत्या. न विचारताच त्यांनी सांगितलं की पाणी तुंबलं ते त्या शिवलेल्या तोंडांमुळे, उसवायला हवी होती, मी उसवली नाहीत, साहेबांच्या वाटीला घाबरले.

मावशीने कोट खांद्यांवर घट्ट ओढून घेतला. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "कच्चा की पक्का."

तेवढ्यात बाईंच्या खिशातला फोन वाजला. नवल म्हणजे तो अजून चालू होता. मोठे साहेब होते. चांगला पाऊस झालाय, उद्या सकाळी ओढ्यावर येतो, म्हणाले. भीती गेली नव्हती, ती काही अशी एका दुपारीत जात नाही. पण त्यांनी मावशीच्या पायांकडे पाहिलं; पाण्याने सुरकुतलेले, पांढरे पडलेले पाय ओट्यावर टेकवून ती बसली होती.

"या साहेब," बाई म्हणाल्या. "पाणी गढूळ निघेल. का, ते मी तिथेच सांगेन."

फोन ठेवला तेव्हा टेकाडाच्या मागे पुन्हा काळं भरून येत होतं. मावशीनेही ते पाहिलं. तिने दोऱ्याच्या डब्यात हात घालून काजं कापायची छोटी कात्री काढली आणि बाईंच्या सोललेल्या हातात न देता स्वतःच्याच मुठीत धरली.

"बाकीच्या किती जाळ्यांची तोंडं उसवायची राहिलीत?" तिने विचारलं.

बाईंनी वर पाहिलं. उताराच्या दोन्ही बाजूंना, रस्त्यापासून गुडघाभर उंचीवर, घरोघरच्या खालच्या खिडक्या होत्या. एका खिडकीत कुणीतरी दिवा लावला.

"सगळ्यांची," बाई म्हणाल्या, आणि मावशीला हात देऊन उठल्या.