कुंकू आणि कानस

भोसरीच्या टूलरूममध्ये मी चौतीस वर्षं फिटर होतो. पहिल्याच दिवशी फोरमनने एक गोष्ट शिकवली होती, जोर लावायचा नाही. दोन भाग एकमेकांत बसत नसतील आणि तुम्ही हातोडी उचललीत, तर तुम्ही गाढव. का बसत नाहीत ते आधी बघायचं. हे मी माझ्या मुलाला, परीक्षितला, लहानपणापासून हजार वेळा ऐकवलं असेल. हजार वेळा ऐकवलं म्हणूनच बहुतेक त्याने एकदाही ऐकलं नाही.

आता तो इथे मिशिगनमध्ये असतो, ॲन आर्बरला. सॉफ्टवेअरवाला. बायको हिमानी आणि नऊ वर्षांची मुलगी इला. माझी नंदा गेल्यापासून मी वर्षातले काही महिने यांच्याकडे येऊन बसतो. बसतो म्हणजे अक्षरशः बसतो. नळ गळला तर प्लंबर येतो, दार करकरलं तर फोनवर व्हिडिओ बघतात. एकदा मी डिशवॉशरचं वाकडं झाकण सरळ करून दिलं, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, प्लीज, वॉरंटी जाते." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसली गत.

यंदा दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातल्या दोन देशी घरांत चोऱ्या झाल्या. लक्ष्मीपूजनाला बँकेतून काढलेलं सोनं गेलं. झालं! परीक्षितच्या डोक्यात रायफल शिरली. तीही तयार नाही घ्यायची, भाग मागवून घरी जोडायची. त्याच्या ऑफिसातला देवांग म्हणे असंच करतो, स्वस्त पडतं आणि मजा येते. मजा! ज्याने उभ्या आयुष्यात पुस्तकांचं कपाट सरळ जोडलं नाही, तो रायफल जोडणार. नंबर घातलेला मुख्य भाग दुकानातून रीतसर फॉर्म भरून आणला आणि बाकीचा माल दोन वेगळ्या वेबसाइटवरून मागवला. एकाचं मुंडकं, दुसऱ्याचं धड.

हिमानीने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं, "ती वस्तू जोडून झाली की मी इलाला घेऊन वैदेहीकडे जाईन. एडिसनला. आणि परत येणार नाही."

वैदेही तिची बहीण, दुसऱ्या राज्यात राहणारी. परीक्षित हसला. "ड्रामा नको करू यार. सेफ मागवलीय, लॉक राहील."

"मी सांगितलं," हिमानी म्हणाली आणि पुन्हा पोळी वाढायला लागली. या पोरीचा आवाज चढत नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

शनिवारी गॅरेजमधून ठाक ठाक सुरू झालं. वरचा भाग खालच्या भागावर बसेना आणि पिन भोकात जाईना. परीक्षित फोनवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, चार शिव्या द्यायचा आणि रबराची हातोडी घालायचा. मी हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो आणि प्रत्येक ठाक माझ्या दाढेत जात होता. पण उठलो नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हे मी या घरात शिकलोय.

सोमवारी हिमानी चहा घेऊन माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"बाबा, तो आज ना उद्या तुम्हाला विचारणार. तेव्हा म्हणा, भागच चुकीचे आहेत, बसायचे नाहीत."

"माझं कोण ऐकतंय या घरात?"

"यात ऐकेल. तुम्ही नाही म्हणालात की तो कंटाळेल आणि सगळं परत पाठवेल. मी ओळखते त्याला. बाबा, मला खरंच जायचं नाहीये हो कुठे." तिने कप माझ्या हातात दिला. "पण इलाच्या घरात बंदूक मी नाही ठेवणार."

"बरं," मी म्हणालो.

"नक्की?"

"अगं, बरं म्हटलं ना!"

त्याच संध्याकाळी इला शाळेतून आली ती मला नवीन खेळ दाखवायला. निदान मला तरी तो खेळ वाटला. ती बोलते इंग्रजीत, माझं मराठी सगळं समजतं. तिने दिवा बंद केला, टेबलाखाली कोपऱ्यात जाऊन बसली आणि दोन्ही हात तोंडावर. शाळेत महिन्यातून एकदा करून घेतात म्हणाली. कोणी बंदूक घेऊन आलं तर असं बसायचं. आवाज नाही. कोणी नावाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण ती हाक खरी आहे की फसवी, कसं कळणार?

"आणि आजोबांनी हाक मारली तर?"

"नो," ती म्हणाली. "नॉट इव्हन यू, आजोबा."

मी हसलो. म्हटलं, शाबास, लपाछपीत पक्की होशील. कपाळ माझं!

रविवारी हिमानी ग्रोसरीला गेली. इला वर तिच्या खोलीत वाचत होती. परीक्षितने गॅरेजचं दार उघडून डोकं बाहेर काढलं. "बाबा, जरा येता?"

गेलो. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं. हीटर माझ्या पायांकडे वळवला. स्वतःच्या हाताने कॉफी करून आणली. आणि ते दोन भाग माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "बघा ना तुम्ही. मला नाही जमत."

एक्केचाळीस वर्षांचा घोडा झालाय. सातवीतल्या भूमितीनंतर हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले माझे.

भाग हातात घेतले. मिनिटभरात मला कळलं की रोग कुठे असणार. तरी मी हिमानीला दिलेला शब्द आठवला आणि तोंड उघडलं. भागच चुकीचे आहेत, हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात परीक्षित म्हणाला, "देवांगला फोटो पाठवले. तो म्हणतो, फेकून दे, हे कोणाच्या बापाला जमणार नाही."

संपलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी म्हणालो, "त्याच्या बापाला नसेल जमत."

टूलरूममध्ये अशा वेळी निळा रंग वापरतात. एका भागाला पातळ हात फिरवायचा, दुसऱ्यावर टेकवायचा, उचलायचा. रंग जिथे लागला तिथे धातू जास्त. तेवढाच घासायचा, केसभर. इथे निळा कुठून आणू? मी आत गेलो आणि देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा उचलून आणला. नंदाचा करंडा तो, तिने हिमानीला दिलेला. शिलाई मशीनच्या तेलात कुंकू कालवलं आणि बोटाने लावलं. मनात काही आलं नाही का? आलं. पण तेव्हा हात कामाला लागले होते.

दोन तास आम्ही बाप-लेक तिथे बसलो. तो टॉर्च धरत होता, मी कानस चालवत होतो. रंग लावायचा, टेकवायचा, पुसायचा, पुन्हा. तो विचारत होता, "आता का थांबलात? आता कुठे लागतंय?" आणि मी सांगत होतो. त्याने ऐकलं हो! नंदा असती तर तिला हाक मारून दाखवलं असतं की बघ, आपला मुलगा माझ्याजवळ बसलाय. इतका सुखाचा रविवार मला अमेरिकेत मिळाला नव्हता.

मग पिन गेली. जोर नाही, हातोडी नाही, अंगठ्याने गेली. परीक्षित ओरडला, "क्या बात है, बाबा!" त्या आनंदात त्याच्या हातून एक स्प्रिंग निसटली आणि टेबलाखाली गेली. ती शोधायला तो जमिनीवर पालथा झाला. मी रायफल उचलली आणि सगळं एका रेषेत आलंय का ते बघायला डोळ्याला लावली. नळीचं तोंड घराच्या दाराकडे होतं. दार किंचित हललं. वाऱ्याने असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

हिमानी आली ती पिशव्या घेऊन थेट स्वयंपाकघरात. "इला कुठे आहे?"

वर नव्हती. खाली नव्हती. जॅकेट खुंटीवर, बूट जागेवर. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि पावलं उमटली नव्हती. परीक्षित वर-खाली धावायला लागला. मीही प्रत्येक खोलीत जाऊन हाका मारल्या. "इला! ए इलू! अगं ओ दे ना!" कपड्यांची मशिनं असतात त्या खोलीत तर मी दोनदा गेलो. भोसरीत पंचवीस मशिनांवरून ऐकू जाईल असा माझा आवाज आहे.

अर्धा तास झाला. परीक्षितने पोलिसांना लावायला फोन काढला. आणि तेव्हा हिमानीने माझे हात बघितले. मनगटापर्यंत लाल. तिने गॅरेजचं दार ढकललं. टेबलावर करंडा होता आणि त्याच्या शेजारी जोडलेली रायफल. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हाका मारू नका," ती म्हणाली. "कोणीच हाक मारू नका."

ती पावलांचा आवाज न करता, दारातून दिसणार नाहीत असे कोपरे बघत मशिनांच्या खोलीत गेली आणि ड्रायरच्या मागे वाकली. तिथे, भिंत आणि ड्रायर यांच्यामधल्या हातभर जागेत, इला बसली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात तोंडावर. चड्डी ओली झाली होती. माझी प्रत्येक हाक तिने ऐकली होती.

मी पुढे झालो तशी ती भिंतीला चिकटली.

"बाबा, तुम्ही लांब व्हा," हिमानी म्हणाली. "आधी हात धुऊन या."

दाराच्या फटीतून इलाने काय बघितलं ते तिने नंतर आईला सांगितलं. डॅड जमिनीवर पडला होता. आजोबांच्या हातात बंदूक होती आणि हात लाल होते. शाळेत शिकवलं तसं तिने केलं. अगदी बरोबर केलं पोरीने. एकाही गोष्टीत चुकली नाही.

मंगळवारी त्या दोघी एडिसनला गेल्या. हिमानी जाताना माझ्या पाया पडली, रीत म्हणून. "तुम्ही बरं म्हणाला होतात, बाबा," एवढंच बोलली.

त्या रात्री जेवताना परीक्षित म्हणतो, "तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

"मी? आणि तुझी बायको महिनाभर नाही म्हणत होती, ते रे?"

तो ताट घेऊन उठला. मग मीही उठलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि चावे दोन्हीकडून. आता रायफल सेफमध्ये आहे, कुलपात. सोनं हिमानी बरोबर घेऊन गेली. चोर आलाच तर त्याला न्यायला इथे दोन पुरुष आणि एक टीव्ही आहे. गॅरेजमध्ये आम्ही दोघंही जात नाही.

काल हिमानीचा फोन आला, व्हिडिओवाला. तिने फोन इलाच्या हातात दिला. "आजोबांशी बोल."

"इलू, कशी आहेस गं? तिकडे पण बर्फ आहे का?"

ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "शो मी युअर हँड्स."

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. मग उलटे करून दाखवले. सात दिवस साबण लावतोय, डाळीचं पीठ लावून झालं, लिंबू चोळून झालं. तेलात कालवलेलं कुंकू नखांच्या कडेतून लवकर निघत नाही.

इला बराच वेळ बघत होती. मग तिने फोन आईच्या हातात दिला.