डावा बूट

“हिरो आला का?”

“आला. दारात उभा आहे. अंगात लग्नाचा कोट, हातात हत्यारांची पेटी.”

“चेहरा?”

“गोंधळलेला. तुमचा असायचा तसाच.”

हे हसले. काचबिंदूने ह्यांची नजर नेल्यापासून आमच्या घरात टीव्ही मी बघते आणि हे माझ्याकडून ऐकतात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे न पाहिलेले डोंगर दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करायची मला सवय आहे. हे घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना अंदाजपंचे काही चालत नाही. “तुला काय वाटतं ते नको, काय दिसतं ते सांग,” असं बजावतात, आणि मग मी सांगेन त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

सिनेमा ह्यांच्या तरुणपणचा, कृष्णधवल, विनोदी. लेकीने कामावर जाता जाता लावून दिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबांचा जीव आहे ह्याच्यावर. तुला राग येईल, पण आता काही बोलू नकोस.”

न बोलणं मला कुठलं जमायला! नायक कुलपं उघडणारा कारागीर. लग्नाला निघालेला, वाटेत एका श्रीमंत पोरीची अडकलेली तिजोरी उघडायला येतो. पोरीला तो आवडतो. झालं, तिथून पुढे त्याचं कोणी ऐकूनच घेत नाही. तो ‘जाऊ द्या’ म्हणतो, ती तोंडाचा पट्टा सोडते. घरभर एक बदक मोकाट फिरतं, नोकर त्याला अडखळून पडतात.

“हेच एखाद्या मुलाने मुलीशी केलं असतं तर आज पोलीस आले असते,” मी म्हटलं.

“बदक कुठे आहे ते सांग,” हे म्हणाले.

बदकापायी नायक कारंज्यात पडला. ओले बूट त्याने शेकोटीपाशी वाळत ठेवले. पोरीने इकडेतिकडे बघितलं, डावा बूट उचलला, पियानोचं झाकण उघडलं आणि बूट आत टाकला. आता हा जाणार कसा?

माझी नजर कपाटाकडे गेली.

“काय झालं? गप्प का झालीस?”

“बूट कोचाखाली गेला.”

“आपोआप?”

“बदकाने ढकलला.”

“छे गं. ती लपवते, पियानोत. नीट बघ.”

“हो, हो. मी चष्मा पुसत होते,” मी म्हटलं. एवढ्याशा गोष्टीत तीनदा खोटं बोलून झालं होतं.

पडद्यावर ती पोरगी गुडघ्यांवर बसली आणि त्याच्याबरोबर बूट शोधायला लागली. गालिचा उचलून बघ, उशा झटक, नोकरांना ओरड. तो बिचारा एका पायावर उड्या मारत तिचे आभार मानत होता.

“आता तीही शोधतेय ना?” ह्यांना हसून हसून ठसका लागला. “इथे आम्ही खुर्चीवरून पडायचो.”

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ह्यांची पांढरी काठी, ती घडीची, गेला महिनाभर कपाटाच्या वरच्या खणात लोकरी कपड्यांखाली होती. मीच ठेवली होती. हे तिच्या आधाराने एकटे फिरायला शिकले होते, आणि एका सकाळी फुटपाथवर लावलेल्या स्कूटरवर आदळून कपाळ फोडून आले. मी जखम पुसली. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा निघाले तेव्हा काठी जागेवर नव्हती. “काल संध्याकाळी माझ्याबरोबर दाढीला आला होतात, सलूनमध्ये विसरला असाल,” मी म्हटलं. माझाच हात धरून हे सलूनमध्ये गेले. सलूनवाल्याने अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक सोडून खुर्च्या हलवल्या, केर उपसला. मीही वाकून बघितलं. हे त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होते, “माफ करा, तुम्हाला फार त्रास दिला.”

तेव्हापासून हे माझ्या हाताशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. आणि लाज वाटते सांगायला, मला ते बरं वाटत होतं.

“ती शेवटी त्याला सांगते का?” मी विचारलं.

“कोण, ती? छे. पार्टीत कोणीतरी पियानो वाजवायला बसतं, तेव्हा बूट सापडतो. ती कधीच सांगत नाही.”

मी सिनेमा थांबवला. स्टुलावर चढले, काठी काढली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली.

“सलूनमध्ये राहिली नव्हती,” मी म्हटलं. “मी लपवली होती. तुम्ही पुन्हा पडाल अशी भीती वाटली.”

मी वाट बघत होते की हे चिडतील. ह्यांनी काठी उलगडली, एकेक सांधा बोटांनी चाचपला, पूर्वी घड्याळाचा पट्टा चाचपायचे तसा. कपाळावरची खूण लाल झाली होती.

“मी त्या माणसाला सगळ्या खुर्च्या हलवायला लावल्या,” हे म्हणाले. “तू तिथेच उभी होतीस.”

“हो.”

 हे काठीची घडी न घालता ती गुडघ्यांमध्ये धरून बसले.

“लाव पुढे.”

मी लावला. पियानो उघडला, बूट सापडला, सगळे हसले, आमच्या खोलीत कोणी हसलं नाही. मी एकही टोमणा न मारता जे दिसेल तेच सांगत होते, शाळेत नकाशावर छडी ठेवून सांगायचे तसं.

“आता?”

“दोघं फाटकातून बाहेर पडताहेत. त्याच्या दोन्ही पायांत बूट आहेत.”

“नक्की?”

आवाजात राग नव्हता. रस्त्यात परक्या माणसाला वेळ विचारावी तसं विचारलं. नजर गेल्यापासून मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर ह्यांनी हा प्रश्न केला नव्हता.

“नक्की,” मी म्हटलं.

ह्यांनी मान जरा तिरकी केली आणि कान पडद्याकडे लावला, पावलांचा आवाज स्वतः ऐकायला.