करडा शिक्का

“हिने परत ओठ चावला,” ग्रंथपालबाई वैतागून पुस्तकालाच म्हणाल्या. पान दोनशे अकरा, आणि नायिकेची ही सतरावी खेप.

कादंबरीतल्या शहरात मुलं चौदा वर्षांची झाली की एक यंत्र त्यांच्या मनगटावर निळा, हिरवा नाहीतर करडा शिक्का मारायचं. करड्या शिक्क्याच्या वाट्याला जन्मभर गटारं उपसणं. अशा वेळी बंड करायचं सोडून ही बया दोन मुलांपैकी कोणता बरा, याचाच घोळ घालत बसली होती. शिवाय हा तीन भागांतला पहिलाच भाग.

बाईंची पद्धत ठरलेली होती. दुकानातून पसंतीसाठी आलेलं पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचायचं, मग शाळेतल्या मुलांसाठी दोन-चार ओळींचं कार्ड लिहून मुखपृष्ठाच्या आत चिकटवायचं. कार्ड चांगलं झालं तर पुस्तक राहणार, नाहीतर परत. दुकानाचा माणूस चार वाजता यायचा होता. बाईंनी उरलेली पानं दात-ओठ खात संपवली आणि लिहिलं, ‘भाषा ढिसाळ. नायिका रडूबाई. एका दिवसात मुलांची वर्गवारी करणारं यंत्र पटत नाही. इतकं निष्ठुर कोणी नसतं.’

समोर आठवी क मधली मुलगी येऊन उभी राहिली होती. वर्षभर हातात दिलेलं प्रत्येक पुस्तक न उघडता परत ठेवणारी. मागणीच्या वहीत तिने आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं ते या पुस्तकाचं नाव, म्हणून बाईंनी ते आधी दोन दिवस तिला घरी नेऊ दिलं होतं. तिने टेबलापलीकडूनच कार्ड उलटं वाचलं आणि पुस्तक परत जाणार का, असं विचारलं.

बाईंनी सगळे दोष बोटांवर मोजून दाखवले. मुलीने एकही नाकारला नाही. ओठांचा तर तिलाही कंटाळा आला होता.

“पण यंत्राचं खरंय, बाई.”

“कुठे पाहिलंस गं असलं यंत्र?”

“पाचवीत. सकाळी एक पेपर झाला, दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी. तेव्हापासून आम्ही क.” मग ती म्हणाली, “अक्षर मात्र फार सुंदर होतं.”

टोमणा नव्हता तो. शाळेत सर्वांत वळणदार अक्षर बाईंचं, म्हणून तुकड्यांची यादी फळ्यावर दरवर्षी त्याच लिहायच्या. सव्वीस वर्षं. एकदाही चूक नाही, याचा त्यांना अभिमान होता.

बाईंना आधी पोरीचा राग आला. मग आपलाच. त्यांनी कार्ड फाडलं आणि कोरं कार्ड तिच्यापुढे सरकवलं.

“लिही तूच. शेवट सांगायचा नाही, एवढंच.”

दुकानाचा माणूस आला, तरी मुलगी लिहीतच होती. बाईंनी त्याला बाकावर बसवून ठेवलं.

‘नायिका ओठ फार चावते, तिकडे लक्ष देऊ नका. शिक्का पुसता येतो का, हे कळायला शेवटपर्यंत वाचावं लागतं.’ अक्षर वेडंवाकडं, ओळी उतरत गेलेल्या. खाली नाव आणि तुकडीची जागा होती. मुलीने नाव तेवढं लिहिलं होतं.

बाईंनी सवयीने उचललेल्या लाल पेनाला टोपण लावलं. तुकडीची जागा तशीच ठेवून कार्ड चिकटवलं, आणि डिंक वाळेपर्यंत त्यावर तळहात दाबून धरला.