दुसरा अंगठा

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी माझ्या काचेवर कधी ना कधी बोट टेकवले असेल. रेशनच्या दुकानात, बँकेत, नाहीतर नवे सिमकार्ड घेताना. मी अंगठा घेणारे यंत्र आहे, आणि आता बरेच जुने झाले आहे. दिसायला साबणाच्या वडीएवढे. वर एक काच, काचेशेजारी बारीक दिवा आणि मागे एक वायर. अंगठा नीट उमटला की दिवा हिरवा होतो, नाही उमटला की लाल. एवढेच माझे शिक्षण. अंगठा कुणाचा, हे मला कळते. तो कशासाठी घ्यायचा, हे मात्र कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस ठरवतो. माझ्या साऱ्या आयुष्याचे दुखणे तिथेच आहे.

कारखान्यातून निघाले ते मी थेट पलूसला, मोहसीनच्या सेवा केंद्रात आले. ते माझे सोन्याचे दिवस. ऊस तोडून आणि द्राक्षबागेत औषधे हाताळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बायका माझ्यापुढे येत. दिवा लाल झाला की त्यांचा चेहरा उतरे. मोहसीन हसून म्हणे, "मावशी, अंगठा जरा केसावरनं फिरवा आन् परत ठेवा." तेलाचा हात लागला की रेषा उमटत, आणि मावशी माझ्याकडे लेकराकडे बघावे तसे बघत. कॉलेजच्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की आमच्या केंद्रात यात्रा भरे. मोहसीनची धाकटी बहीण अल्फिया हिचा अर्जही माझ्याच काचेवरून गेला. ती पास झाली तेव्हा तिने पेढा आधी माझ्यापुढे ठेवला आणि मग स्वतःच खाऊन टाकला. मला ते फार आवडले होते.

पुढे मोहसीनला कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. त्याने केंद्राचे सामान विकले. कॉम्प्युटर एकाकडे गेला, खुर्च्या दुसऱ्याकडे गेल्या, आणि मी विश्वजितच्या बॅगेत पडले.

विश्वजित म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि जिभेवर साखर. सांगलीत एका गल्लीत वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. बाहेर 'विद्यार्थी सहकार्य' अशी पाटी, पण आत विद्यार्थी औषधालाही दिसत नसे. टेबलाच्या खणात सिमकार्डे मात्र खच्चून भरलेली. ती ज्यांच्या नावावर होती, ती माणसे त्या खोलीत कधी आलीच नव्हती. गोड बोलून गळा कापणारा म्हणतात तो हाच, हे मी ओळखले.

दसऱ्याच्या आधी त्याने जत भागातल्या एका वाडीत 'शिष्यवृत्ती शिबिर' ठेवले. वाडी मेंढपाळांची. जागा म्हणून त्याने बिरोबाचे देऊळच निवडले. बूट काढून तो आत गेला, भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून कपाळाला लावला आणि साऱ्यांदेखत म्हणाला, "बिरोबापुढं सांगतो, एका लेकराचं नुकसान हू देणार न्हाई." त्या वाडीत भंडारा उचलून बोललेल्या शब्दावर कळपाचे व्यवहार होतात, भावाभावांच्या वाटण्या होतात. त्यानंतर प्रश्न विचारणे म्हणजे देवावरच संशय घेणे. विश्वजितने ही चौकशी आधीच करून ठेवली होती.

रांगेत कोंडीबा होता आणि त्याच्यामागे त्याची मुलगी राणी. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच, सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. फी माफ झाली होती, पण खोली आणि मेस ज्याच्या भरवशावर होती तो राहण्याजेवणाचा भत्ता आला नव्हता. तो दिवाळीपर्यंत मिळाला नाही तर खोली सोडायची आणि मेंढरांमागे जायचे, असे घरात ठरून गेले होते.

"आबा, आमच्या पल्लवी मॅडमनी अर्ज भरलाय की. परत कशाला?" राणी हळूच म्हणाली. पल्लवी मॅडम त्यांच्या कॉलेजात गरीब विद्यार्थ्यांचा मदत कक्ष सांभाळत.

"आगं, भंडारा उचललाय त्यानं," कोंडीबा म्हणाला. "देवापुढं कोण खोटं बोलंल व्हय? ठिव अंगठा."

राणीने अंगठा ठेवला. माझा दिवा लगेच हिरवा झाला, पण विश्वजितचा तळहात आधीच दिव्यावर आला होता.

"उमटला न्हाई बघ, ताई. परत ठेव."

तिने परत ठेवला. पहिल्या अंगठ्यावर तिच्या नावाचे सिमकार्ड निघाले आणि दुसऱ्यावर एका लांबच्या बँकेत तिच्या नावाचे खाते. भत्त्याचा अर्ज त्याने उघडलाच नव्हता. मला ओरडावेसे वाटले. पण बोलायला माझ्याकडे दिव्याशिवाय आहे काय, आणि तो तर झाकलेला.

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी सांगलीच्या त्या खोलीत कोंडीबा आणि राणी आली. कोंडीबाचा कळप तेव्हा पलूसकडे एका शेतात खतासाठी बसवलेला होता. रंगुबाईवर, म्हणजे बायकोवर, मेंढरे सोपवून तो आला होता. राणीच्या डोळ्यांखाली काळे पडले होते.

"सर, भत्ता आला," ती म्हणाली. "मॅडमनी भरलेला. पण बँकेनं माझं खातंच बंद केलंय. परराज्यातल्या पोलिसांचा फोन आलता. माझ्या नावाच्या दुसऱ्या खात्यातनं लुबाडलेलं पैसं फिरल्यात म्हणं. मी असलं खातं काढल्यालंच न्हाई, सर."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. भत्ता खात्यात येऊन पडला होता आणि पोरीला त्यातला घास मिळत नव्हता. वर पोलिसांच्या दप्तरात तिचे नाव चोर म्हणून लागले होते.

विश्वजितने खुर्ची पुढे ओढली. "काका, घाबरू नका. खातं मोकळं करून देतो. वडलांचा अंगठा लागंल फक्त, हमी म्हणून."

"आबा, थांबा," राणी म्हणाली. "मॅडम म्हणल्यात, आदी पोलिसात तक्रार द्यायची."

"पोलिसात गेल्यावर वाडी काय म्हणंल? आन् देवाची आण घेतल्याला मानूस हाय ह्यो." असे म्हणत कोंडीबाने आयुष्यभर लोकर कातरून राठ झालेला अंगठा माझ्यावर ठेवला. असा अंगठा सहसा उमटत नाही. तो उमटू नये म्हणून त्या दिवशी मी मनापासून प्रार्थना केली. तो उमटला. दिवा हिरवा झाला.

विश्वजित मोबाइलमध्ये बघत होता. दिव्यावर हात ठेवायचे तो विसरला, पण जिभेला वळण पडलेले. "उमटला न्हाई काका. परत ठेवा."

राणीने बापाचे मनगट धरले. "उमटला की! हिरवा दिवा लागला, मी बगितला." मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "माझ्या बी टायमाला ह्ये असंच म्हणलं हुतं. आबा, हात काडा. उठा."

कोंडीबाने विश्वजितच्या कपाळाकडे, भंडारा लावला होता त्या जागी, पाहिले. "तू बिरोबापुढं बोललावतास रं," एवढेच तो म्हणाला. विश्वजितने माझी वायर काढली आणि मला बॅगेत टाकले.

बापलेक जिना उतरून गेली. राणी पल्लवी मॅडमना घेऊन ठाण्यात गेली असेल, अशी माझी आशा आहे. तिचे खाते उघडले का, खोली टिकली का, मला माहीत नाही. फार वाईट वाटते. एक गोष्ट मात्र मी पाहिली आहे: कोंडीबाचा पहिला अंगठा गेला तो गेलाच. त्याच्या नावाने कुठे काय उघडले आहे, हे त्याला फोन येईल तेव्हा कळेल.

त्याच संध्याकाळी विश्वजितने पाटी उतरवली. आता आम्ही मेढ्यात आहोत, सातारा जिल्ह्यात. त्याने नवी पाटी आणली आहे आणि स्वतःला नवे नावही घेतले आहे. आज सकाळी चहाच्या टपरीवर त्याने सगळ्यात आधी विचारले, "इथली माणसं कुठल्या देवाला लय मानत्यात?"

मित्रांनो, तुमचे शिक्षण तुमच्या हक्काच्या मदतीवर चालत असेल तर त्या मदतीची राखणही तुम्हालाच करावी लागेल. आपल्या कॉलेजच्या मदत कक्षात जा, तिथे दहादा विचारा. अंगठा टेकवण्याआधी कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे वळवून घ्या आणि त्यावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. समोरच्याला राग आला तर येऊ द्या. प्रश्न विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही.

मला आता टेबलावर मांडले आहे. काच पुसून झाली आहे. दाराबाहेर कॉलेजच्या मुलामुलींची रांग लागली आहे, आणि पहिल्याच मुलीची आई तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे सारते आहे. "जा बाय, भिऊ नगंस. सर लय देवमाणूस हायत."