माझ्या फुलात अडकलेला धागा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. देवघरातला नव्हे, टेबलावरचाही नव्हे. लग्नाच्या वरातीत दोन्ही बाजूंनी बाया डोक्यावर झुंबरं घेऊन चालतात ना, त्यांपैकी एक. तुम्ही घोडा पाहिला असेल, बँड ऐकला असेल, माझ्या उजेडात नाचलाही असाल. माझ्याखाली कोण होतं, ते मात्र तुम्हाला आठवणार नाही.

माझा जन्म अकोल्याच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला कापलं, भोकं पाडली, हातोड्याने ठोकून माझ्या पाच फांद्या वाकवल्या आणि प्रत्येक फांदीवर हॅलोजनचा एक बल्ब बसवला. अमरावतीच्या सूर्यभान ठेकेदाराने मला पेटवून पाहिलं आणि विकत घेतलं. उचलून पाहिलं नाही. माझं वजन सात किलो आहे. हे मैनाला ठाऊक आहे, कारण नऊ वर्षं मी तिच्या डोक्यावर होतो.

आमची कामाची रीत अशी. मागे हातगाडीवर जनरेटर. त्यातून निघालेली एकच जाड वायर दिव्यामागून दिव्याला जाते. चालताना ओढ बसून दिवा पडू नये म्हणून सूर्यभानने एक युक्ती काढली होती: वायरचा एक वेढा प्रत्येक बाईच्या कमरेला गाठ मारून बांधायचा. दिवा पडला नाही, म्हणून सगळे त्याला हुशार म्हणत. बाईला रांगेबाहेर पळावं लागलं तर काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे एलईडी आले. ते हलके आणि थंड. मी तीन वर्षं गोदामात पडून होतो. माझ्या फांदीत पालीने अंडी घातली.

यंदाच्या मे महिन्यात एका बड्या घरचं लग्न ठरलं. त्यांना एलईडीचा पांढरा उजेड नको होता. राजेशाही पिवळाच हवा होता. सूर्यभानने मला बाहेर काढलं, पुसलं आणि शोभेसाठी माझ्यावर प्लॅस्टिकचे गुलाब बांधले. मित्रांनो, पेटलेल्या हॅलोजनची काच अडीचशे अंशांच्या वर तापते. गुलाब तिच्यापासून चार बोटांवर होते.

गोरज मुहूर्ताची वरात. मी पुन्हा मैनाच्या डोक्यावर. ऊन उतरलं होतं, पण रस्ता भाजत होता. सर्वांत पुढे ट्रॉलीवर बर्फाचे दोन मोर होते, माणसाएवढे उंच. ते वितळून पाणी रस्त्यावर सांडत होतं. बायांना दुपारपासून पाणी मिळालं नव्हतं.

राजापेठ आली तशी मैनाने पदर कपाळावर ओढला.

"काहून वो, लाजून राह्यली का?" मागून पार्वताबाईने विचारलं. ती मैनाच्या मागचा दिवा धरायची.

"रश्मीची ट्यूशन सुटाची येळ हाय, काकू. तिच्या मैत्रिणीनं पाह्यलं तं पोरीले कसंतरी वाटन."

"वाटू दे. तुह्या डोक्यावर उजेड हाय, दारूचा डब्बा नाही."

दोघी हसल्या. माझ्या फांद्या हलल्या.

तेवढ्यात नवरदेवाचा मित्र श्याम रांगेत घुसला. तो मघापासून उघड्या गाडीच्या बॉनेटवर उभा राहून नोटा उधळत होता. बँडवाले वेचत होते, पण बायांना वाकता येत नव्हतं. त्याला त्यातच मजा वाटली. त्याने पाचशेची एक कोरी नोट गुंडाळली आणि माझ्या गुलाबांत, बल्बाशेजारी, खुपसली. समोर त्याचा दोस्त मोबाइल धरून उभा होता.

"मावशी, दिवा खाली न ठेवता काढून दाखव. नोट तुही!"

मैनाचे दोन्ही हात माझ्या बुडाला होते. "दादा, काढा ते. बल्ब तापून राह्यला."

"अरे, घाबरली!"

"दादा, हात जोडते…"

हात जोडायला तिला हात नव्हते.

आधी धूर आला. मग नोट पेटली, नोटेने गुलाब पेटवले आणि जळतं प्लॅस्टिक थेंबाथेंबाने मैनाच्या केसांत पडू लागलं. खालची कापडी चुंबळ पेटली. पदराने पेट घेतला. ती ओरडली, पण ढोलापुढे ओरडणं ऐकू जात नाही. ती पळाली, तर कमरेच्या गाठीने तिला मागे खेचलं. पार्वताबाई "बंद करा! जनरेटर बंद करा!" म्हणून किंचाळत होती. कोणीतरी मागून म्हणालं, ड्रोन चालू आहे, अंधार करू नका.

शेवटी मैनाने मला फेकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी श्यामच्या गाडीच्या बॉनेटवर आदळलो. तीन बल्ब फुटले. मैना पदर विझवायला रस्त्यावर लोळत होती. श्यामने तिला तशीच लाथ घातली, पोटात, मग तोंडावर. "किती कोटीची गाडी हाय, मालूम हाय का तुले?" त्याने वायर धरून हिसका मारला. कमरेला बांधलेल्या चार बाया एकमेकींवर कोसळल्या, दिवे त्यांच्यावर कोसळले. मैनाचा हात खाली सापडला आणि मोडला. तो आवाज मी ऐकला. सुकी तुराटी मोडल्यासारखा होता.

दोघे जण पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत आले. त्यांनी पाणी ओतलं. बॉनेटवर. चरा किती खोल गेला ते पाहायला.

मैनावर पाणी पार्वताबाईने घातलं. तिने दातांनी स्वतःची गाठ सोडली, ट्रॉलीवरच्या मोराची मान मोडली आणि तो बर्फ मैनाच्या डोक्यावर धरला.

मैना वाचली. तिच्या डोक्याच्या अर्ध्या भागावर आता केस येणार नाहीत. उजवा कान आक्रसला आहे. लग्नघरचे सांगतात, दिवा जुनाट होता, शॉर्टसर्किट झालं, बाईनेच तो गाडीवर मारला. व्हिडिओ कोणाकडेच नाही म्हणे. मला त्या रात्री पार्वताबाईने मैनाच्या घरी आणून ठेवलं होतं. सूर्यभान मला न्यायला आला, घासूनपुसून दुरुस्त करतो म्हणाला. पार्वताबाई दारात आडवी उभी राहिली.

"माह्या अंगावरून ने."

त्या दिवशी रश्मीने मला उजेडात धरलं. ती बारावी सायन्सला आहे. वितळून घट्ट झालेल्या एका गुलाबात तिला बारीक चमकती पट्टी दिसली. तिने मला तिरपं केलं. पट्टी हिरवी होती, ती निळी झाली.

"आई, हा नोटेतला धागा हाय. शॉर्टसर्किटमध्ये नोट कुठून येईन?"

मैनाने सवयीने ओलं फडकं उचललं होतं. नऊ वर्षं प्रत्येक वरातीनंतर ती मला पुसायची. रश्मीने तिचा हात धरला.

आता मी त्यांच्या खाटेखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आहे. खटल्याच्या तारखेची वाट पाहतो आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, आमची धूळ झाडा, आम्हाला पुन्हा चमकवा. माझी विनंती वेगळी आहे. कोर्टात मला बाहेर काढतील, तेव्हा माझ्यावरची काजळी तशीच राहू द्या. मला पुसू नका.