पहूरच्या पाच पोरी

"खानदेशातील रेल्वेचा इतिहास, १८६० ते १९६०." मृणालीने वहीतलं शीर्षक वाचून दाखवलं आणि प्रेमराज सरांकडे पाहिलं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध, हातात सहा महिने.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छान. मोडी वाचता येते?"

"नाही सर."

"मुंबईला दप्तरखान्यात महिनाभर बसता येईल?"

ते जमणारं नव्हतं. जळगावात सकाळी कॉलेज, दुपारी क्लासवर शिकवणं. मागे दोन दिवस धुळ्याच्या एका ग्रंथालयात बसली होती, तेव्हा पाचोरा-जामनेर छोट्या गाडीबद्दल जेमतेम चार ओळी हाती लागल्या होत्या.

"शंभर वर्षं आणि अख्खा खानदेश तुला एकटीला पेलणार नाही," सर म्हणाले. "जिथे तू स्वतः जाऊन विचारू शकतेस, तेवढंच घे. ती छोटी गाडी कुणाला आठवते तुमच्याकडे?"

"आईला आठवत असेल. तिचं माहेर पहूरचं."

"मग तिथून सुरुवात कर."

मृणाली हिरमुसूनच घरी आली. आई दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून मेथी निवडत बसली होती. छोट्या गाडीचं नाव निघालं आणि आईचा हात थांबला.

"अकरावी-बारावीला रोज शेंदुर्णीला जायचो आम्ही त्या गाडीने," आई म्हणाली. "आमच्या वस्तीतल्या पाच जणी. डब्यात जागा असली तरी दारातच उभ्या राहायचो. दोन्ही बाजूंना कपाशी, आणि गाडी इतकी हळू, की शेतातल्या बायका आमच्याशी बोलत बोलत चार पावलं चालायच्या." मग म्हणाली, "हिलाल आबा आहेत अजून. रविवारी जाऊ या का?"

गाडी बंद होऊन काही वर्षं झाली होती, म्हणून दोघी एसटीने गेल्या. हिलाल आबा रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. मूळचे धुळ्याकडचे, पण नोकरीमुळे पहूरलाच राहिलेले. अहिराणी मात्र सुटली नव्हती. खाटेवरून त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"कोन शे?"

"रूपा, आबा. भटूभाऊंची."

"भटूभाऊनी पोर!" म्हातारा उठूनच बसला. "तुमनामुळे मेमो भेटना मले!"

मृणालीने आईकडे पाहिलं. पोरींमुळे आबांना जाब विचारणारा मेमो मिळाल्याचं आईने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

बारावीच्या पेपरच्या दिवशी पाचही जणींना उशीर झाला. स्टेशनात पोचल्या तर गाडी सुटलेली. मग त्या शेतातून आडव्या पळत फाटकावर आल्या. धापा टाकत, रडत. आबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीला लाल झेंडी दाखवली.

"साहेबनी इचारं, रुळवर काय व्हतं?" आबा सांगत होते. "मी सांगं, काही नव्हतं. पाच पोरी व्हत्यात, पेपरले निंघेल व्हत्यात."

"मी त्याच पेपरात नापास झाले आबा," आई हळूच म्हणाली. "इंग्रजीचा होता. ऑक्टोबरला सुटला."

आबा खोकला येईपर्यंत हसले. आईही हसली, आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. थोड्या वेळाने दोघांचा वाद लागला. आबा म्हणत, त्या दिवशी थंडी होती, धुकं होतं. आई म्हणे, मार्चचं ऊन होतं, पाय पोळत होते. मृणालीने दोन्ही लिहून घेतलं.

सोमवारी सरांनी तिची पानं वाचली. मग त्यांनी पेन काढलं. "छोट्या गाडीने शिकायला जाणाऱ्या पहूरच्या मुली. १९८० ते १९९०, दहाच वर्षं. सात-आठ मुलाखती. हे होईल."

"पण सर, कागदपत्रं?"

"शेंदुर्णीच्या कॉलेजची जुनी हजेरीपुस्तकं बघायला परवानगी माग. मेमो मिळाला तर जोड, नाही मिळाला तर मिळाला नाही असं लिही. आणि आईने सांगितलं म्हणून सगळं खरं धरू नकोस."

आईने आठवडाभर फोन लावले. एक मैत्रीण पाचोऱ्यात सापडली, एक फैजपूरला. तिसरीचा पत्ताच लागेना. चौथी, सुंदर नावाची, दोन वर्षांपूर्वी गेल्याचं कळलं. त्या दिवशी आई जेवली नाही.

शनिवारी पहिली मुलाखत आईचीच ठरली. इस्त्रीची साडी नेसून ती खुर्चीत ताठ बसली. मृणालीने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

आईला तिच्या 'तुमचं'चं हसू आलं. मग तीस वर्षांत कुणी न विचारलेलं माहेरचं नाव तिने सांगितलं.

"रूपा भटू सुरवाडे. राहणार पहूर."

आणि पुढचे दोन तास तिने मृणालीला दुसरा प्रश्न विचारूच दिला नाही.