नेपोलियन जिंकला तो दिवस

तारीखबुवांना जगातल्या सगळ्या लढाया पाठ होत्या, पण स्वतः मात्र ते बावीस वर्षं एका पोस्टकार्डाकडून हरत आले होते.

बुवा एका दैनिकात 'आजचा दिवस' हे सदर लिहीत. तिसऱ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, आठ ओळी. याच तारखेला पूर्वी कुठे काय घडलं ते. त्यांच्या टेबलाखाली बुटांचं एक खोकं होतं आणि त्यात तारखेगणिक एक अशा तीनशे सहासष्ट चिठ्ठ्या. रोज एक काढायची, धूळ झटकायची, लिहून टाकायची. ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला माहीत होतं.

चिठ्ठी चुकली रे चुकली की तिसऱ्या दिवशी कार्ड हजर! पाठवणारे एक निवृत्त इतिहासमास्तर. 'ते जहाज हिमनगाला धडकलं चौदा एप्रिलला आणि बुडालं पंधराला. धडकणं आणि बुडणं यातला फरक आपल्या लेखकाला कळत नसेल, तर त्याला एकदा पाण्यात ढकलून पाहावं.' वाचून बुवांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि म्हातारा दरवेळी बरोबर निघायचा, हे तर त्याहून वाईट. आठवडाभर चूक सापडली नाही, तरी कार्ड चुकायचं नाही. 'या आठवड्यात चूक नाही. लेखकाची प्रकृती बरी आहे ना?'

मे महिन्यात संपादकांनी कार्डांचा गठ्ठा बुवांच्या टेबलावर आपटला.

"बुवा, आता पुरे झालं. आणखी एक तक्रार आली की सदर बंद. ती जागा राशिभविष्याला, आणि तुम्ही 'हरवले-सापडले'च्या टेबलावर."

"अहो साहेब, राशिभविष्य तर रोजच चुकतं!"

"चुकतं ना. पण कुणी कार्ड पाठवतं का?"

बुवा डोळ्यांत तेल घालून कामाला लागले. एकेक तारीख तीन-तीन पुस्तकांत ताडून पाहिली. जून उजाडला आणि कार्डं थांबली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बुवा आठवडाभर शीळ घालत हिंडले. दुसऱ्या आठवड्यात शीळ बंद पडली. तक्रार नाही ते ठीक, पण 'चूक नाही' असंही कार्ड नाही? रोज टपाल आलं की बुवा शिपायाच्या आधी दारात. शिपाई म्हणाला, "काय बुवा, या वयात प्रेमपत्राची वाट बघताय की काय?"

कार्डावर पत्ता असायचा. पण ज्याला बावीस वर्षं पाण्यात पाहिलं, त्याच्या दारात कुठलं तोंड घेऊन जायचं? शेवटी बुवांनी एक भलतंच धाडस केलं. मुद्दाम चूक केली. त्यांचा हिशोब साधा होता: कार्ड आलं तर सदर गेलं, नाही आलं तर मास्तर गेले.

पंधरा जूनला इंग्लंडच्या राजानं हक्कांच्या सनदेवर शिक्का उठवला, बाराशे पंधरा साली. बुवांनी छापलं पंधराशे बारा. कुणी हूं की चूं केलं नाही. सोळाला एक बादशहाच बदलून टाकला. सतराला तो स्वातंत्र्यदेवीचा प्रचंड पुतळा फ्रान्सहून अमेरिकेला जहाजानं पोचला, तो बुवांनी रेल्वेनं पोचवला. भर समुद्रातून! मुद्रितशोधकानं 'प्रचंड'वरचा अनुस्वार तपासला आणि पान सोडलं. अठरा जूनला बुवांनी सरळ नेपोलियनला वॉटर्लूची लढाई जिंकून दिली. दुपारपर्यंत एक फोन नाही, एक माणूस नाही. बुवा उठले आणि पत्ता शोधत निघाले.

दार सुनेनं उघडलं.

"मी पेपरच्या ऑफिसातून आलोय. मास्तर..." बुवांना पुढे विचारवेना.

"आहेत की. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दोन्ही डोळ्यांना पट्टी." मग तिनं आवाज खाली आणला. "डॉक्टरांनी सांगितलंय, चिडू द्यायचं नाही. म्हणून तुमचं ते सदर मी आधी त्यांच्या पुस्तकांत तपासते, चुका दुरुस्त करते आणि मग वाचून दाखवते. गेले चार दिवस फार काम पडलं हो! आजचं तर अजून वाचून दाखवायचंच आहे."

बुवांना हसावं की रडावं कळेना.

मास्तर खाटेवर उशाला टेकून बसले होते. काडीसारखे झाले होते. "पेपरवाले का? या. तुमचा तो लेखक सुधारला बरं. महिन्याभरात एक चूक नाही. चला, माझं काम संपलं."

"असंच बोलतात," सून कुजबुजली. "समोरचं ताट तसंच परत येतं."

बुवांना राहवलं नाही. त्यांनी तिथलाच पेपर उचलला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "अठरा जून अठराशे पंधरा. वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा दणदणीत विजय."

सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. मास्तरांचे कान लाल झाले, पाठ ताठ झाली.

"काय म्हणालात? विजय?"

"विजय. दणदणीत."

"गाढव! शुद्ध गाढव आहे तो! सूनबाई, जेवायला वाढ. आणि तुम्ही, कार्ड घ्या त्या फडताळातलं. लिहा!"

बुवा लिहायला बसले. मास्तर सांगत गेले, मध्येच मोठमोठे घास घेत गेले. संपादक महोदय, आपला लेखक गाढव आहे. नेपोलियन हरला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"गाढव लिहिलंत?"

"लिहिलं."

"खाली रेघ मारा."

बुवांनी रेघ मारली. या कार्डानं सदर बंद होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी त्यांनी ती पट्टी लावून मारली.

"आता शेवटचं लिहा," मास्तर म्हणाले. "ह्याला काढू मात्र नका. बावीस वर्षं रोज सकाळी ह्याच्याशी भांडून माझा दिवस सुरू होतो. नवा माणूस आणलात, तर या वयात मी त्याच्या चुका कधी शिकू?"

बराच वेळ पेनाचा आवाज आला नाही.

"अहो, लिहिताय ना?"

"लिहितोय, मास्तर," बुवा म्हणाले. "जरा सावकाश सांगा."